काळ्या मातीतला पँथर

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे जुने दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाचं रान, पांढरी म्हणजे वस्ती. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात लाउन्ड्स नावाची एक काउंटी आहे, तिथली मातीही काळी. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगणारी, चाकाला आणि बुटाला चिकटली की न सुटणारी. या मातीच्या पट्ट्याला तिकडे ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात. फरक एवढाच की काळी-पांढरी हे शब्द तिथं जमिनीला न लागता माणसांना लागले, आणि सव्वाशे-दीडशे वर्षं हिशेब सरळ राहिला. काळीत राबायचं काळ्यांनी, सातबारा पांढऱ्यांचा.

काउंटी म्हणजे जिल्ह्याहून लहान, तालुक्याहून कारभारात मोठी अशी चीज. स्वतःचं कोर्ट, स्वतःचा निवडून आलेला शेरीफ, स्वतःची करवसुली. लाउन्ड्सचं क्षेत्रफळ साडेअठराशे चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १०,३११. म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं बाजाराचं गाव दोन-तीन तालुक्यांवर भुरभुरावं तसं. हेनव्हिल हे मुख्य ठिकाण. शिवाय फोर्ट डिपॉझिट, व्हाइट हॉल, मोझेस, गॉर्डनव्हिल, लाउन्ड्सबरो. यातलं एकही नाव सहसा आपल्या कानावर आलेलं नसतं. पण १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी उभ्या केलेल्या ‘दलित पँथर’ या संघटनेच्या नावातला ‘पँथर’ मुळात या काउंटीतला आहे. आपण तो कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडहून, तिथल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षाकडून आला असं समजतो, आणि ते अर्धंच खरं. ऑकलंडच्या पोरांनी तो लाउन्ड्सच्या शेतकऱ्यांकडून घेतला होता. शेतकऱ्यांनी तो काढला होता मतपत्रिकेसाठी.

ही जमीन आधी क्रीक या मूलनिवासी लोकांची. १८१३ च्या डिसेंबरात ‘होली ग्राउंड’ची लढाई याच भागात झाली, पुढच्या वर्षीच्या तहात क्रीकांच्या हातून मुलूख गेला, आणि १८३० मध्ये काउंटी आखली गेली. पाठोपाठ कापूस आला, कापसामागे गुलाम आले. १८६० च्या जनगणनेत सत्तावीस हजारांवर लोकसंख्या आहे, त्यातले एकोणीस हजारांहून जास्त गुलाम. यादवी युद्ध झालं, गुलामी कायद्यानं संपली, पण जमीन होती तिथंच राहिली. मग अर्धेलीची शेती सुरू झाली. बी-बियाणं, खेचर, खायचं पीठ, सगळं मालकाच्या दुकानातून उधारीवर. कापूस वेचून झाला की हिशेब मालकाच्या वहीत, आणि वही बघायची सोय नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला यापुढं समजावून सांगायची गरज नाही.

१९०१ साली अलाबामानं नवी राज्यघटना केली. मतदार व्हायचं तर कर भरा, वाचता येतं हे सिद्ध करा, घटनेवरच्या प्रश्नांची उत्तरं द्या. उत्तर बरोबर की चूक हे ठरवणार नोंदणी अधिकारी, आणि तो गोरा. लाउन्ड्समध्ये काळे बहुसंख्य होते, एका पिढीपूर्वी त्यांनी मतंही दिली होती. ती एका कलमानं पुसली गेली.

अशा ठिकाणी १९०६ साली एक माणूस पाहणी करायला आला. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस, त्या काळातला काळ्या समाजाचा सगळ्यात मोठा अभ्यासक. केंद्र सरकारच्या श्रम खात्यासाठी त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घरोघर फिरून माहिती गोळा केली: जमीन कुणाकडे, कर्ज किती, मजुरी कशी, संसार कसे चालतात. नकाशे, तक्ते, सगळं तयार झालं. सरकारनं ते छापलं नाही. विषय राजकीय होतो म्हणाले, आणि पुढं हस्तलिखित नष्टच करून टाकलं. अमेरिकेतल्या ग्रामीण काळ्या समाजाचा कदाचित सगळ्यात बारीक अभ्यास असा रद्दीत गेला. डुबॉइसनं त्यातलं काही १९११ मधल्या आपल्या कापसावरच्या कादंबरीत वापरलं, एवढंच उरलं. लाउन्ड्सबद्दल वाचताना मला सगळ्यात चटका लावून जाते ती गोळ्यांची कथा नाही, ही रद्दीची.

त्याआधीच काउंटीतल्या कॅल्हून नावाच्या खेड्यात शार्लट थॉर्न आणि मेबल डिलिंगहॅम या उत्तरेकडून आलेल्या दोन गोऱ्या शिक्षिकांनी १८९२ मध्ये काळ्या मुलांसाठी शाळा काढली होती. शाळेनं एक शहाणपणाचं काम केलं. मोठी वाडी विकत घ्यायची, तुकडे पाडायचे आणि अर्धेलीच्या कुळांना हप्त्यानं विकायचे. त्यातून थोड्या कुटुंबांच्या नावावर रान झालं. थोड्याच, पण ही ‘थोडी’ पुढं कामाला आली. ज्याचं रान त्याचं, त्याला रात्रीतून कोणी घराबाहेर काढू शकत नाही.

तरीही डोकं वर काढलेलं खपत नसे. १९३५ साली अर्धेलीकऱ्यांच्या युनियननं शंभर पौंड कापूस वेचायला एक डॉलर मागितला. संप मारहाणीनं आणि गोळ्यांनी मोडला, माणसं मेली. १९४७ च्या डिसेंबरात लाउन्ड्सबरोजवळ एल्मोर बोलिंग यांना रस्त्यावर गोळ्या घातल्या. त्यांचं दुकान होतं, मालवाहू ट्रक होते, माणसं हाताखाली होती. गुन्हा काय, तर काळा असून भरभराटला. काउंटीला ‘ब्लडी लाउन्ड्स’ हे नाव पडलं ते अशा वर्षांतून.

१९६५ उजाडलं तेव्हाचे आकडे असे. मतदानाच्या वयाचे काळे लोक पाच हजारांवर, मतदारयादीत त्यांच्यातले शून्य. गोऱ्यांची नोंदणी मात्र शंभर टक्क्यांच्याही वर, कारण मेलेले आणि गाव सोडून गेलेलेही यादीत जिवंत होते. त्या वेळच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासानुसार शहाऐंशी गोऱ्या कुटुंबांकडे काउंटीतली नव्वद टक्के जमीन. नोंदणी कचेरी महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी उघडायची. अर्जदाराची ओळख आधीच्या मतदारानं द्यायची. काळा मतदार एकही नाही, तर ओळख देणार कोण? दार आतून बंद, आणि किल्लीही आतच.

जॉन ह्यूलेट हे गॉर्डनव्हिलचे. तरुणपणी बर्मिंगहॅमला कामाला गेले, तिथं फ्रेड शटल्सवर्थ यांच्या नागरी हक्क संघटनेत शिकले, आणि १९५९ मध्ये गावी परतले. मुंबईच्या गिरणीतून युनियन शिकून गावाकडे आलेला माणूस डोळ्यांपुढं आणा. १ मार्च १९६५ च्या सोमवारी ते आणि आणखी अडतीस जण हेनव्हिलच्या कचेरीत गेले. काही झालं नाही. पंधरा तारखेला पुन्हा गेले. या वेळी परीक्षा घेतली ती गावच्या जुन्या तुरुंगात. जागा मुद्दामच निवडलेली असणार. त्या दिवशी दोन नावं नोंदली गेली: ह्यूलेट आणि जे. सी. लॉसन नावाचे एक अंध धर्मोपदेशक. विसाव्या शतकात लाउन्ड्सनं पाहिलेले हे पहिले काळे मतदार म्हणायला हरकत नाही. त्याच आठवड्यात, १९ मार्चला, गावकऱ्यांनी स्वतःची संघटना काढली, आणि ह्यूलेट तिचे अध्यक्ष झाले.

हे सगळं मार्टिन ल्यूथर किंग यांच्या प्रसिद्ध सेल्मा-माँटगोमेरी मोर्चाच्या आधीचं, हे ध्यानात ठेवायला हवं. बाहेरचे आले आणि गावाला जाग आली, अशी मांडणी सोयीची असते. लाउन्ड्समध्ये गाव आधी उठलं होतं.

मोर्चा २१ मार्चला सेल्माहून निघाला. चौपन्न मैलांची वाट, हायवे ८०, आणि मधला मोठा टप्पा लाउन्ड्सचा. इथं रस्ता दोनपदरी, म्हणून न्यायालयानं तीनशेच माणसांना चालायची परवानगी दिलेली. त्यांना मुक्कामाला जागा दिली ती काळ्या शेतकऱ्यांनी, स्वतःच्या रानात. एका रात्री धो धो पाऊस लागला आणि मोर्चेकरी त्या काळ्या चिखलात घोट्यापर्यंत रुतून झोपले. रस्त्याकडेला लोक किंगना बघायला उभे राहायचे. स्टोकली कारमायकेल नावाचा तेवीस वर्षांचा एक पोरगा मोर्चाच्या मागं राहून त्या उभ्या राहिलेल्या लोकांची नावं-पत्ते वहीत टिपत होता. त्याच्या संघटनेचं नाव लांबलचक, ‘स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी’, बोलताना नुसतं ‘स्निक’. मोर्चा गेल्यावर गाव एकटं पडतं, हे त्याला मिसिसिपीत कळलेलं होतं. जो माणूस पोलिसांदेखत रस्त्यावर येऊन उभा राहतो, तो उद्याही कामाचा, हा त्याचा साधा अंदाज.

२५ मार्चला मोर्चा माँटगोमेरीला पोचला. त्याच रात्री लाउन्ड्समधल्या हायवेवर व्हायोला लिउझो यांना कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी गाडीतून गोळ्या घातल्या. डेट्रॉइटच्या, पाच मुलांची आई, वय एकोणचाळीस. मोर्चेकऱ्यांची ने-आण करायला स्वतःची गाडी घेऊन आल्या होत्या. मारेकऱ्यांच्या गाडीत एफबीआयचा खबऱ्याही बसलेला होता. हेनव्हिलच्या कोर्टात खटला चालला. एकदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यांदा आरोपी सुटला. शिक्षा झाली ती डिसेंबरात केंद्रीय न्यायालयात, दहा वर्षं.

कारमायकेल, बॉब मँट्स आणि दोघं-तिघं मोर्चा संपताच लाउन्ड्समध्ये आले. त्यांना रात्री ठेवणार कोण? अर्धेलीकऱ्यानं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं बिऱ्हाड रस्त्यावर. घर दिलं मॅथ्यू जॅक्सन यांनी, कारण त्यांची जमीन स्वतःची होती. ती जागा ‘फ्रीडम हाउस’ म्हणून ओळखली जाऊ लागली. आणखी एक गोष्ट या पोरांना इथं कळली. त्यांच्या संघटनेच्या नावात अहिंसा होती, पण लाउन्ड्सच्या म्हाताऱ्यांच्या उशाशी बंदुका होत्या आणि सभेच्या दारावर पहारा असे. तत्त्वज्ञान वगैरे काही नाही. शेतकऱ्याच्या घरात बंदूक असतेच, आणि रात्री गाडी दारात थांबली तर ती हातात येते. पुढं ऑकलंडच्या पँथरच्या बंदुकीवर जगभर लिहिलं गेलं. या म्हाताऱ्यांच्या बंदुकीवर फारसं कुणी लिहिलं नाही, कारण ती फोटोसाठी नव्हती.

६ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली आणि काही दिवसांतच केंद्राचे नोंदणी अधिकारी फोर्ट डिपॉझिटला येऊन बसले. आता परीक्षा नाही, ओळख नाही. १४ ऑगस्टला त्याच गावात तरुणांनी दुकानांसमोर निदर्शनं केली. त्यांना धरून कचऱ्याच्या ट्रकमध्ये कोंबून हेनव्हिलच्या तुरुंगात नेलं. वीस तारखेला अचानक सोडून दिलं, न्यायला कुणी आलेलं नसताना. चौघं जण कोपऱ्यावरच्या व्हार्नर यांच्या दुकानात थंड पेय घ्यायला निघाले. दारात टॉम कोलमन बंदूक घेऊन उभा. सतरा वर्षांच्या रूबी सेल्सवर त्यानं नेम धरला. जोनाथन डॅनियल्सनं तिला बाजूला ढकललं आणि गोळी स्वतः घेतली. न्यू हॅम्पशायरचा, धर्मोपदेशक व्हायला शिकत असलेला, सव्वीस वर्षांचा गोरा मुलगा. त्याच्यासोबतचे शिकागोचे कॅथलिक पाद्री रिचर्ड मॉरिसरो पाठीत गोळी लागून जबर जखमी झाले.

कोलमन पळाला नाही. तो विशेष उपशेरीफ होता, गावातला होता, पळायचं कारणच नव्हतं. ३० सप्टेंबरला बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं. त्यानं एक दिवसाचीही शिक्षा भोगली नाही. ज्यूरीत काळे तर नव्हतेच, अलाबामाच्या कायद्यानं बायकांनाही बसता येत नव्हतं, गोऱ्या असोत की काळ्या. म्हणून लाउन्ड्सच्या लोकांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये ‘व्हाइट विरुद्ध क्रूक’ या खटल्यात निकाल लागला की ही दोन्ही बंदी घटनाबाह्य आहे. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या हक्कांच्या इतिहासात हा निकाल मानाचा आहे. तो मागितला होता कापूस वेचणाऱ्या काउंटीनं. आता दर ऑगस्टमध्ये डॅनियल्सच्या चर्चचे लोक हेनव्हिलला यात्रा काढतात. प्रार्थना होते ती कोलमन सुटला त्याच कोर्टात, आणि वेदी म्हणून वापरतात न्यायाधीशाचं टेबल.

नोंदणी वाढू लागली तशी नोटीसही येऊ लागली: घर खाली करा. ज्यांनी नाव नोंदवलं त्या अर्धेलीकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या खोपटांतून हाकललं. गावकऱ्यांच्या संघटनेनं हायवे ८० ला लागून सहा एकर जमीन घेतली, आणि १९६५ च्या डिसेंबरअखेर तिथं तंबू ठोकले. ऐन थंडीत पोराबाळांसह आठ कुटुंबं तिथं राहायला आली. गोरे गाड्या हळू करून तंबूंवर गोळ्या झाडायचे. आतले पुरुष आळीपाळीनं जागायचे. ही ‘टेंट सिटी’ दोन वर्षांवर चालली. मताची किंमत रुपयात सांगता येत नाही म्हणतात. इथं ती घराच्या छपरात मोजली गेली.

पण मत द्यायचं कुणाला? अलाबामात राज्य डेमोक्रॅटिक पक्षाचं, गव्हर्नर जॉर्ज वॉलेस. पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा आणि त्याच्याभोवती ब्रीद: गोऱ्यांचं वर्चस्व, जे योग्य त्यासाठी. हे रूपक नव्हे, मतपत्रिकेवर छापलेली अक्षरं होती. १९६६ च्या जानेवारीत पक्षानं त्यातला ‘वर्चस्वा’चा शब्द काढला, कोंबडा ठेवला. किंग यांचे सहकारी म्हणत होते, पक्षात शिरा आणि वॉलेसच्या माणसांना हरवा. लाउन्ड्सच्या लोकांना ते पटेना. ज्या कोंबड्यानं इतकी वर्षं आपल्याला टोचलं, त्यालाच दाणे टाकायचे?

स्निकचा संशोधक जॅक मिनिस यानं अलाबामाचे कायदे चाळले आणि त्याला एक विसरलेली तरतूद सापडली. एखाद्या काउंटीपुरताही वेगळा पक्ष काढता येतो. प्राथमिक निवडणुकीच्या दिवशी सभा घेऊन उमेदवार निवडायचे, सार्वत्रिक निवडणुकीत वीस टक्के मतं मिळवायची, की मान्यता कायम. असा ‘लाउन्ड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन’ हा पक्ष जन्मला. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, तेव्हा चिन्ह हवं. बैलजोडी, झोपडी, विळा-कणीस बघून मतं दिलेल्या देशात हे वेगळं सांगायला नको. पहिल्यांदा स्निकच्या रूथ हॉवर्डनं कबुतर सुचवलं. गावकऱ्यांनी नाक मुरडलं. मग तिला अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंचं बोधचिन्ह आठवलं: काळा पँथर. डोरोथी झेलनरनं ते रेखाटलं. ह्यूलेट लोकांना समजावत की हा प्राणी उगाच अंगावर येत नाही. दाबलं तर मागं सरकतो, आणखी दाबलं तर आणखी मागं. पाठ भिंतीला लागली की मात्र उसळतो. रानातल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही.

मला स्वतःला या चळवळीतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो पुढचा, आणि त्यात नाट्य काहीच नाही. शेरीफ काय करतो? कर आकारणारा कोण, वसूल करणारा कोण? कॉरोनर कशाला लागतो? शाळा मंडळाचा पैसा कुठं जातो? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कचेरीच्या मागल्या दारानंही जाता आलं नाही, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. कोर्टलँड कॉक्स आणि जेनिफर लॉसन यांनी चित्रपुस्तिका केल्या. एका पदाला एक गोष्ट, सोपी चित्रं, मोजके शब्द. चर्चमध्ये रविवारी आणि फ्रीडम हाउसमध्ये रात्री त्यांचे वर्ग चालले. गावातला कुणीही शेरीफ होऊ शकतो, कारण शेरीफ म्हणजे देव नव्हे, ते एक काम आहे, ही गोष्ट चाळिशी-पन्नाशीतली माणसं शिकत होती. शेतकी खात्यातली सरकारी नोकरी सोडून लिलियन मॅक्‌गिल पूर्णवेळ या कामात उतरल्या. नुसत्या बंदुकीच्या फोटोंतून पँथरची ओळख झालेल्यांनी या वर्गांची आठवण ठेवायला हरकत नाही.

३ मे १९६६. डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक. उमेदवारी अर्जाची फी पक्षानं पन्नास डॉलरांवरून पाचशे केलेली, काळ्यांनी उभं राहू नये म्हणून. त्याच दिवशी पँथरची सभा. कायद्यानं ती मतदानाच्या जागेजवळ व्हायला हवी. लोकांनी कोर्टाच्या हिरवळीवर घ्यायचं ठरवलं, शेरीफ म्हणाला, आलात तर तुमचं तुम्ही बघा. ह्यूलेट यांनी जवळपास असं सांगून टाकलं की मग आम्हीही आमचं बघू. अखेर माँटगोमेरीहून मध्यस्थी झाली आणि सभा कोर्टापासून अर्ध्या मैलावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये घ्यायची परवानगी मिळाली. नऊशेच्या आसपास माणसं आली. सिडनी लोगन शेरीफपदासाठी, फ्रँक माइल्स करवसुलीसाठी, एमरी रॉस कॉरोनर, तिघं शाळा मंडळावर. अ‍ॅलिस मूर कर आकारणीसाठी उभ्या राहिल्या आणि त्यांचा जाहीरनामा दोन ओळींत संपला: श्रीमंतांवर कर लावीन, तो गरिबांच्या पोटात घालीन.

८ नोव्हेंबरला निकाल लागला. सातही उमेदवार पडले. मळ्यांचे मालक आपल्या मजुरांना ट्रकमध्ये बसवून आणत आणि कुठल्या चिन्हावर खूण करायची ते हातात देत. फोर्ट डिपॉझिटला एका कार्यकर्त्याला मतमोजणीनंतर झोडपून काढलं. पँथरला प्रत्येक जागी सोळाशेच्या आसपास मतं, चाळीस टक्क्यांच्या जवळपास. वीस टक्क्यांची अट केव्हाच ओलांडली होती. वीस महिन्यांपूर्वी ज्या काउंटीत एक मत नव्हतं तिथं आता मान्यताप्राप्त पक्ष होता.

तोवर पँथर लाउन्ड्सच्या बाहेर निसटला होता. जूनमध्ये मिसिसिपीतल्या एका मोर्चात कारमायकेलनं ‘ब्लॅक पॉवर’ ही घोषणा दिली आणि ती देशभर झाली. ऑक्टोबरात ऑकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी आपल्या नव्या पक्षासाठी तेच चित्र घेतलं. पोलिसांच्या गाड्यांमागं बंदुका घेऊन फिरणारी, काळ्या जाकिटातली पोरं जगभर गाजली. सहा वर्षांनी तो शब्द मुंबईत आला. बावड्यात दलितांवरचा बहिष्कार, ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना अशा खेड्यांतल्या बातम्यांनी पेटलेल्या कामाठीपुरा-वडाळ्याच्या तरुणांनी तो उचलला. शहरातली पोरं, पण जखम गावातली. ऑकलंडपेक्षा लाउन्ड्सशी त्यांचं नातं जवळचं होतं, आणि हे बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं.

ह्यूलेट मात्र तिथंच राहिले. १९७० मध्ये ते शेरीफ म्हणून निवडून आले. ज्या काउंटीत त्यांनी तुरुंगात बसून मतदाराची परीक्षा दिली होती, तिचेच शेरीफ. बावीस वर्षं त्यांनी ते पद सांभाळलं, नंतर प्रोबेट न्यायाधीश झाले, २००६ मध्ये वारले. पँथर तोवर डेमोक्रॅटिक पक्षात विरघळला होता. काळे अधिकारी आले, आणि कचेरी कचेरीसारखीच चालू लागली: तडजोडी, नातीगोती, पुढच्या निवडणुकीची बेरीज. जुने कार्यकर्ते यावर चिडले, पण मला त्यात नवल वाटत नाही. गोऱ्यांनी १९६६ मध्येच आपल्या मुलांसाठी खासगी शाळा काढून सरकारी शाळा सोडून दिल्या होत्या. जमीन बव्हंशी होती त्यांच्याच नावावर राहिली. शेरीफ बदलता येतो, सातबारा बदलत नाही. बॉब मँट्स काउंटी सोडून गेलाच नाही. २०११ मध्ये मरेपर्यंत तो लाउन्ड्सचाच रहिवासी होता. तंबूंच्या जागेवर २००६ मध्ये सरकारनं माहिती केंद्र उभारलं.

आणि आता पुन्हा माती. या काळ्या चिकणमातीत पाणी मुरत नाही. आपल्या खेड्यात शोषखड्डा भरला की काय होतं ते आठवा. इथं कित्येक घरांचं सांडपाणी, मैला, सगळं एका प्लॅस्टिकच्या पाइपनं मागच्या अंगणात पडतं. या मातीत चालेल अशी सेप्टिक व्यवस्था बसवायला वीस-तीस हजार डॉलर लागू शकतात, म्हणजे तिथल्या अनेक कुटुंबांची वर्षाची कमाई. ती नसणं हा अलाबामाच्या कायद्यानं गुन्हा, आणि लोकांना अटकेच्या नोटिसाही गेल्या. कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स लाउन्ड्समध्ये वाढल्या. त्यांच्या आईबापांच्या ओसरीवर स्निकची पोरं येऊन बसायची. वीसेक वर्षं त्यांनी हा एकच प्रश्न धरून ठेवला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तपासलेल्या ५५ जणांपैकी १९ जणांच्या विष्ठेत हुकवर्म या पोटातल्या जंताच्या खुणा सापडल्या. नमुना लहान होता, पण अमेरिकेतून हा रोग गेला असं मानणाऱ्यांना धक्का बसायला तो पुरला. त्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांचे दारिद्र्यविषयक विशेष प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन ती अंगणं बघून गेले. २०२० मध्ये फ्लॉवर्सना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. २०२१ मध्ये केंद्राच्या न्याय खात्यानं चौकशी सुरू केली: काळ्या वस्तीकडे राज्याचं आरोग्य खातं जाणूनबुजून दुर्लक्ष करतं का? मे २०२३ मध्ये करार झाला. लोकांवर खटले भरायचे नाहीत, कुठल्या घराला काय हवं ते मोजायचं, टाक्या बसवायच्या. नागरी हक्क कायद्याखाली सांडपाण्यावर झालेला असा हा पहिलाच करार.

११ एप्रिल २०२५ रोजी न्याय खात्यानं तो रद्द केला. नव्या प्रशासनाच्या धोरणात तो बसत नाही, असं कारण दिलं. हातात असलेला निधी संपेपर्यंत टाक्या बसवण्याचं काम चालू ठेवू, असं अलाबामाच्या आरोग्य खात्यानं कळवलं.